माळवदाचा कठडा

(शब्बाथशाळेचे शिक्षक व पालक यांच्यासाठी अभ्यास. शास्त्रभाग : लूक २:४१-५१, अनुवाद २२:८, १ शमुवेल अध्याय २ व ३)

बारा वर्षांचा येशू यरुशलेमेत मागे राहिला हा पाठ आपण शब्बाथशाळेत दरवर्षी घेतो, आणि बहुतेक वेळा थेट मंदिरातील गुरुजनांच्या प्रश्नोत्तरांकडे जातो. या महिन्यात आपण वाटेवर थोडे थांबू. सण आटोपून गालीलाकडे निघालेल्या तांड्यात नातलग होते, ओळखीपाळखीचे होते, सारे एकाच विश्वासाचे होते. मुलगा त्यांच्यापैकी कोणाजवळ तरी असेल असे मरीया व योसेफ धरून चालले, आणि एका दिवसाची मजल उलटल्यावर तो कोणाजवळच नाही हे त्यांना कळले. तिसऱ्या दिवशी तो सापडला. या आईबापांना बेफिकीर कोण म्हणेल? त्यांना निर्धास्त केले ते चांगल्या सोबतीनेच. जेथे सगळेच आपले असतात तेथे मुलावर नेमकी कोणाची नजर असायची हे ठरवायचे राहून जाते.

आपल्या मंडळ्यांचे वर्ष डोळ्यांपुढे आणा. मे महिन्यात सुटीतील शास्त्रशाळा, पावसाळा सरल्यावर सहल, तरुण संघाचे शिबिर, नाताळपूर्वी नाटकाच्या तालमी आणि मग रात्री घरोघर गाणी गात फिरणे. यांतील प्रत्येक ठिकाणी आईबाप आपले मूल आपल्या हवाली करून जातात. बेळगावात लंडन मिशनचे काम १८२० साली सुरू झाले व १९०४ साली ते मेथडिस्ट मिशनकडे आले. म्हणजे या भागातील लोक आपली लेकरे ख्रिस्ती शिक्षकांजवळ सोपवीत आले त्याला दोन शतके झाली. निपाणीत तंबाखूच्या वखारींत आणि विड्या वळण्यात पिढ्यान्‌पिढ्या आयांचे हात राबले. अशा आईला आपले मूल दोन तास मंदिराच्या अंगणात आहे, एवढ्यानेच केवढा धीर येतो! त्या धीराला आपण पात्र कसे राहू, हा या अभ्यासाचा विषय आहे.

अनुवादाच्या २२व्या अध्यायातील आठवे वचन उघडा. नवे घर बांधणाऱ्याने छताला कठडा करावा, नाही तर वरून कोणी पडल्यास त्याच्या रक्ताचा दोष त्या घरावर येईल, असा त्या नियमाचा आशय आहे. अथणी-रायबागकडील वाचकांना याचा अर्थ फोडून सांगावा लागणार नाही. मातीच्या माळवदाची घरे त्यांच्या ओळखीची आहेत. उन्हाळ्याच्या रात्री अंथरुणे वरच पडतात आणि पोरे झोपेत लोळत कोठवर जातील याचा नेम नसतो. या नियमात दोन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. कठडा घर बांधतानाच करायचा आहे, कोणी पडल्यावर नव्हे. आणि कठडा बांधणारा आपल्या पाहुण्यांवर कसलाही आरोप करीत नाही. कोणी पाहुणा कठड्याकडे पाहून, आमच्यावर तुमचा विश्वास नाही काय, असे विचारीत नाही. मंडळीत मात्र मुलांच्या राखणीचे नियम करू म्हटले की हाच प्रश्न हमखास येतो. त्याचे उत्तर या एका वचनात आहे असे आम्हांला वाटते.

आधी उघड दिसणाऱ्या धोक्यांविषयी बोलू. एप्रिल २०१७ मध्ये बेळगावच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या सहलीतील ८ जण मालवणजवळ वायरीच्या समुद्रात बुडाले. नोव्हेंबर २०२२ मध्ये बेळगावहून चंदगड तालुक्यातील किटवाडच्या धबधब्यावर सहलीला गेलेल्या मुलींच्या गटातील चौघी पाण्यात पडून गेल्या. यांपैकी काही वयाने मोठी होती, शिकलेली होती. पाण्याने ते पाहिले नाही. आपल्याही सहली राकसकोपला, हिडकलला, आंबोलीला किंवा कोकणच्या किनाऱ्याला जातात. ज्या शिक्षकाला पोहता येत नाही त्याने साठ मुले समुद्रावर न्यावीत, ही श्रद्धा नव्हे. पाण्याजवळ जायचेच असेल तर दहा मुलांमागे नावाने नेमलेला एक मोठा माणूस हवा. गाडीत चढताना, उतरताना आणि पाण्यावरून निघताना नावे पुकारून मोजणी हवी. ‘सगळी आली ना रे?’ असे ओरडून विचारणे म्हणजे मोजणी नव्हे. मरीया-योसेफांच्या तांड्यातही कोणीतरी तसे विचारले असेल.

नाताळच्या गाण्यांसाठी मुलांना टेंपोच्या हौद्यात उभे करून नेण्याची चाल अजून काही ठिकाणी आहे. मालाच्या गाडीतून माणसे नेण्यास कायद्याने मनाई आहेच. पण निपाणीच्या तवंदी घाटाची वळणे ज्याने रात्री पाहिली आहेत त्याला कायद्याची आठवण देण्याची गरज पडू नये. पुणे-बंगळूर महामार्ग आपल्या कित्येक मंडळ्यांच्या उंबऱ्यावरून जातो. अंधारात तो ओलांडून पलीकडच्या वस्तीत जायचे असेल तर लहानांचा गट वेगळा करून त्यांचा कार्यक्रम दिवेलागणीलाच संपवावा. मांडवाविषयीही एक शब्द. २३ डिसेंबर १९९५ रोजी हरियानातील मंडी डबवाली येथे एका शाळेच्या बक्षीस समारंभात मांडवाला आग लागली आणि चारशेहून अधिक माणसे गेली. त्यांत मुले पुष्कळ होती, आणि बाहेर पडायची मुख्य वाट एकच होती. आपल्या नाताळच्या मांडवाला वाटा किती असतात, आणि दुसरी वाट असलीच तर ती खुर्च्या रचून बंद केलेली असते काय, हे डिसेंबर येण्याआधी एकदा पाहून ठेवावे.

आता त्या विषयाकडे येऊ, ज्याचे नाव मंडळीत काढताना आपण आवाज खाली आणतो. केंद्र शासनाच्या महिला व बालविकास खात्याने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत १३ राज्यांतील १२,४४७ मुलामुलींना विचारले गेले. त्यांतील निम्म्याहून अधिक, म्हणजे ५३ टक्के मुलांनी एक ना एक प्रकारचा लैंगिक छळ सोसल्याचे सांगितले. असे वागणाऱ्यांपैकी निम्मे लोक मुलाच्या ओळखीचे किंवा ज्यांच्यावर विश्वास व जबाबदारी टाकलेली असते असे होते. परक्या माणसाबरोबर जाऊ नको, हे आपण प्रत्येक मुलाला शिकवितो. ओळखीच्या माणसाविषयी काय शिकवितो? आणि हा प्रश्न फक्त मुलींचा आहे असे कोणी समजू नये. त्या पाहणीत मुलगे कमी नव्हते.

देवाच्या मंदिरात असे कसे घडेल, असे म्हणणाऱ्यांनी शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचा दुसरा अध्याय पुन्हा वाचावा. एलीचे मुलगे याजक होते. दर्शनमंडपाच्या दारी सेवा करणाऱ्या स्त्रियांशी ते कसे वागत होते हे तेथे स्पष्ट लिहिले आहे. एलीला ते ठाऊक होते. सगळ्या लोकांच्या तोंडून त्याच्या कानी आले होते. त्याने मुलांची कानउघाडणी केली, आणि त्यांना त्यांच्या जागी राहू दिले. पुढच्या अध्यायात देव त्याच्यावर जो दोष ठेवतो तो एवढाच की ठाऊक असूनही त्याने त्यांना आवरले नाही. आपल्याकडेही गोष्ट येथवरच येते. पाळकसाहेब त्या माणसाला खोलीत बोलावतात, प्रार्थना होते, तो रडतो, क्षमा मागतो, आणि पुढच्या रविवारी तोच वर्ग घेतो. क्षमेचा असा वापर करण्यास शास्त्रात आधार आहे असे आम्हांला वाटत नाही. ज्याला क्षमा झाली त्याच्याच हाती पुन्हा मुले द्यावीत, असे कोठेही सांगितलेले नाही.

याच अध्यायांतील दुसरी गोष्ट सहसा आपल्या लक्षात येत नाही. त्याच मंदिरात एक लहान मूल झोपत असे. हन्नेने शमुवेलाला तेथे आणून सोडले होते. एलीच्या घराविषयीचे कठीण वचन त्या मुलालाच ऐकावे लागले, आणि सकाळी तो ते सांगायला भ्याला. मोठ्या माणसाविरुद्ध बोलायचे, तेही त्याच्या घरात, त्याचे अन्न खाऊन! तो उठला आणि रोजच्याप्रमाणे दारे उघडीत बसला. आपल्याही वर्गातील एखादे मूल असेच रोजचे काम करीत राहील आणि आत काय आहे हे कोणाला दिसणार नाही. पुढे एलीने जे केले ते शिकण्याजोगे आहे. मुलांना आवरण्यात तो चुकला, पण या लेकराचे ऐकण्यात चुकला नाही. त्याने शमुवेलाला प्रेमाने हाक मारली, काहीही लपवू नको असे सांगितले, पूर्ण ऐकले. तुला स्वप्न पडले असेल, असे म्हणाला नाही, रागावला नाही, आणि ते जड बोलणे त्याने स्वतःवर घेतले. मूल सांगू लागले तर शिक्षकाने एवढेच करायचे आहे. ‘तू तेव्हाच का नाही सांगितलेस?’ हा प्रश्न तर विचारूच नये. ऑस्ट्रेलियात शासनाने नेमलेल्या आयोगाने २०१३ ते २०१७ या काळात चर्च, शाळा, अनाथगृहे अशा संस्थांतील छळाची चौकशी केली. त्यात पुढे आलेल्या माणसांना आपली गोष्ट कोणालातरी सांगायला सरासरी सुमारे २४ वर्षे लागली होती. कोणी मूल आज, या वर्गात, या शिक्षकाला सांगत असेल तर ते केवढे धैर्याचे आहे हे यावरून समजावे.

ऐकल्यावर काय करायचे हे देशाच्या कायद्याने ठरवून दिले आहे. ते पंचांच्या मर्जीवर ठेवलेले नाही. ज्याला लोक थोडक्यात पोक्सो म्हणतात तो बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. अठरा वर्षांखालील प्रत्येक मुलगा व मुलगी त्यात येते. त्याच्या १९व्या कलमाप्रमाणे असा गुन्हा घडल्याचे किंवा घडण्याचा संभव असल्याचे ज्याला कळेल त्याने पोलिसांना कळविलेच पाहिजे; यात पाळक, पंच, शिक्षक, वसतिगृहाचा अधीक्षक, डॉक्टर सगळे आले. न कळविणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडविला तर एक वर्षापर्यंत कैद व दंड. प्रामाणिकपणे कळविणाऱ्यावर मात्र कसलीही कारवाई होत नाही. धार्मिक संस्थेतील माणसाने तेथल्या मुलावर केलेला अत्याचार हा कायदा अधिक गंभीर धरतो आणि शिक्षाही अधिक कडक ठेवतो. एलीच्या मुलांची गोष्ट जणू कायदा करणाऱ्यांनीही वाचली होती.

हे कलम कागदावरच राहिले आहे असे कोणी समजू नये. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथे एका शाळेच्या वसतिगृहातील आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याचे प्रकरण २०१९ साली उघडकीस आले. त्या मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना प्रकार ठाऊक असूनही त्यांनी पोलिसांना कळविले नाही, असा त्यांच्यावर आरोप होता. उच्च न्यायालयाने त्यांच्यावरील खटला रद्द केला होता; सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०२२ रोजी तो निर्णय फिरविला आणि ठाऊक असून न कळविणे हा गंभीर गुन्हा आहे असे सांगितले.

आपल्या भागात येथे आणखी एक अडचण आहे. मूल घरी मराठी बोलते, शाळेत कन्नड शिकते आणि ठाण्यातील कागद कन्नडात लिहिला जातो. ज्या मराठी बाईला रेशनच्या कचेरीतही अर्ज दुसऱ्याकडून लिहून घ्यावा लागतो, ती आपल्या लेकराची अशी गोष्ट घेऊन ठाण्याची पायरी कशी चढणार? म्हणून ही तरतूद प्रत्येक मराठी मंडळीने पाठ करावी : मुलाला न समजणाऱ्या भाषेत माहिती लिहिली जात असेल तर दुभाषा किंवा भाषांतरकार दिला पाहिजे, असे याच १९व्या कलमात आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी घ्यायचा, होता होईल तो स्त्री अधिकाऱ्याने घ्यायचा, गणवेष न घालता घ्यायचा, आईबाप किंवा मुलाचा भरवसा असलेले माणूस जवळ असताना घ्यायचा आणि मूल जसे बोलेल तसाच लिहायचा, असेही कायदा सांगतो. मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही.

दुसरी अडचण हद्दीची. शिबिर आजऱ्याला झाले, मूल निपाणीचे, दोषी माणूस बेळगावचा; मग कोणत्या राज्याचे पोलीस? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३व्या कलमाप्रमाणे गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असला तरी ठाण्याने माहिती नोंदवून घेतली पाहिजे. कागद पुढे कोठे पाठवायचा हे त्यांनी पाहावे. मुलाला घेऊन या ठाण्यातून त्या ठाण्यात हिंडण्याचे कारण नाही. १०९८ हा मुलांसाठीचा दूरध्वनी क्रमांक दोन्ही राज्यांत रात्रंदिवस व विनामूल्य चालतो. ११२ हा पोलिसांचा. सीमेचा वाद सुटेल तेव्हा सुटो, हे दोन क्रमांक आजच अंगणातील फलकावर मराठीत व कन्नडात लिहून ठेवता येतील.

पंचांच्या बैठकीत जे बोलले जाते तेही येथे सांगितले पाहिजे. आपण थोडे आहोत, दिवस बरे नाहीत, असे काही बाहेर गेले तर साऱ्या ख्रिस्ती लोकांना नावे ठेवली जातील. ही भीती खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. पण एलीच्या काळी ती गोष्ट कोणत्या शत्रूने पसरविली नव्हती. सारे लोक आधीच बोलत होते, फक्त ज्याने उठून काही करायचे तो बसून होता. आपल्याही गावात असे प्रकरण दडते म्हणजे काय होते? वखारीत, बाजारात, पाण्याच्या टाकीपाशी ते सगळ्यांना ठाऊक असते, आणि मंडळीतील त्या एका मुलाला तेवढे कळते की येथे कोणी आपल्या बाजूचे नाही. नाव गुप्त ठेवायचेच असेल तर ते मुलाचे ठेवावे. उपासनेतील विनंत्यांत त्याचे नाव घेऊ नये, त्याच्या आईला भेटायला दहा बायकांनी एकदम जाऊ नये, आणि मुलाला व त्या माणसाला समोरासमोर बसवून ‘समेट’ तर कधीही करू नये.

आता रोजचा कठडा. कोणताही मोठा माणूस, पाळक असो वा शिक्षक, मुलाबरोबर बंद खोलीत एकटा राहणार नाही. वर्गाला दोन मोठी माणसे असतील किंवा दार उघडे असेल. लहानांना शौचाला नेताना दोघे जातील. शिबिरात मुले व मोठी माणसे एका अंथरुणावर झोपणार नाहीत, आणि मुलींच्या खोलीची जबाबदारी बायकांकडे राहील. तालमीनंतर मूल कोणाबरोबर घरी जाणार हे पालकाने आधी लिहून द्यावे. ‘दादा सोडतील मोटारसायकलवरून’ हे पुरे नाही. मुलाच्या खाजगी मोबाइलवर रात्री संदेश पाठवू नयेत. शिक्षकाने जे कळवायचे ते पालकांच्या समूहावर कळवावे. शास्त्रशाळेत आंघोळीचे, झोपलेल्या मुलांचे फोटो काढू नयेत आणि कोणाचाही फोटो पालकांना विचारल्याशिवाय पुढे धाडू नये. शिक्षा म्हणून छडी नको. नवा शिक्षक घेताना तो आधी ज्या मंडळीत होता तेथे फोन करून विचारावे. २०२० च्या पोक्सो नियमांत मुलांशी नेहमी संबंध येणाऱ्या संस्थांनी आपल्या नोकरवर्गाची पोलिसांकडून वेळोवेळी तपासणी करून घ्यावी असे आहे, आणि आपल्या वसतिगृहांना व शाळांना ते लागू आहे. विनावेतन सेवा करणाऱ्यालाही हीच चौकशी लावली तर त्यात त्याचा अपमान नाही. उलट, जो चांगला आहे त्याचे नाव या नियमांनी जपले जाते. खोट्या संशयापासून वाचण्याचा उघड्या दारासारखा दुसरा उपाय नाही.

मुलांना हे शिकविताना घाबरवू नये. सहा-सात वर्षांच्या वर्गाला तीन गोष्टी पुरतात : तुझे अंग तुझे आहे, मोठ्या माणसाने कोणाला सांगू नको असे म्हटले तर ते आईला किंवा बाईंना सांगायचेच, आणि नको वाटले तर मोठ्यांनाही नको म्हणता येते. तिसरी गोष्ट आपल्या घरांत रुचत नाही. मोठ्यांचे ऐकावे हे आपणच शिकविले आहे, आणि ‘काकांना पापा दे’ म्हणून रडणाऱ्या मुलाला आपणच पुढे ढकलतो. ती सवय मोडायला शब्बाथशाळेचा एक रविवार पुरणार नाही. पालकांची वेगळी सभा घ्यावी लागेल, आणि तिला बाप येतील अशी वेळ ठेवावी लागेल.

शिक्षकांच्या बैठकीत पुढील प्रश्न घ्यावेत. गेल्या नाताळात आपल्या मुलांना रात्री घरी कोणी सोडले, हे आज नावानिशी सांगता येईल काय? आपल्या मंडळीत एखाद्या मुलाला काही सांगायचे झाले तर ते कोणाकडे जाईल, आणि ते माणूस स्त्री आहे काय? मूल मराठी सोडून दुसरी भाषा बोलणारे असेल तर त्याचे कोण ऐकेल? आपल्या मंदिरातील, शाळेतील व पाळकगृहातील अशी कोणती खोली आहे जिचे दार आतून लागते आणि जिला खिडकी नाही? ती खोली बैठक संपल्यावर सर्वांनी मिळून पाहून यावी.